उतारावर मोकळी

५ जानेवारी, रविवार

ताई दुपारच्या ट्रेननं मनमाडला परत गेली. नाशिकरोडला रिक्षानं सोडून आलो. प्लॅटफॉर्मवर म्हटलं, पुढच्या वेळी गाडी घेऊन मीच येतो तुला आणायला, ब्रेक नवे करून घेतोय. ती म्हणाली, "ट्रेन बरी रे नंदू. सवयीची आहे." डब्यात चढल्यावर खिडकीतून पाण्याची बाटली मागितली आणि हात हलवला.

सगळी नोकरी रेल्वेच्या बुकिंग खिडकीत गेली तिची. सवयीची असणारच. तरीही.

मागच्या रविवारी सप्तशृंगगडावरून नांदुरीकडे उतरताना ब्रेकचं पेडल आधी मऊ लागलं, पुढच्या वळणावर थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूला घातली, मुरमाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ताईच्या मांडीवरचा प्रसादाचा नारळ पायाशी घरंगळला. तिनं तो उचलला, पदरानं पुसला. बोलली काहीच नाही.

घरी मी सांगितलं, ब्रेक जुने झाले होते. पंचवीस वर्षांची गाडी. कोणालाच नवल वाटलं नाही.

कॉलेजात असताना रोज शेवटी 'आ.' लिहायचो. आ. म्हणजे आभार. पुन्हा सुरू करतो.

आ.: मुरमाचा ढीग. रस्त्याच्या कामासाठी कोणीतरी टाकला आणि विसरला.

७ जानेवारी, मंगळवार

कंपनीत उशिरा येतो म्हणून कळवलं. टोचन लावून डाळिंब हनीफचाचांच्या गॅरेजवर नेलं, वडाळा रोडला. ठेंगणी, लाल, दोन दारांची गाडी दोरीला बांधून चाललेली. सिग्नलला माणसं वळून वळून बघत होती. डाळिंब हे नाव मंजूचं. आठ वर्षांपूर्वी ही जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली तेव्हा दारात उभी राहून बायकोनं एवढंच विचारलं होतं, "हे डाळिंब ठेवणार कुठं?" हसली नाही ती एकटी ताई. म्हणाली, अण्णांना आवडली असती.

चाचा म्हणाले, "काय इन्स्पेक्टर साहेब, आज गाडीला बोट धरून आणलंत?"

मी इन्स्पेक्टर नाही. अंबडच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. पण खिशात मायक्रोमीटर ठेवणारा माणूस चाचांच्या लेखी इन्स्पेक्टरच.

चाक काढलं. पुढची डिस्क निळीजांभळी पडलेली. पॅड काचेसारखे गुळगुळीत. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं. चाचा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"गिअरमधे होती ना?"

"हो."

"दुसऱ्या?"

"दुसऱ्या."

"मग इतकी तापली कशी," असं स्वतःशीच म्हणत उठले.

नव्हती गिअरमधे. न्यूट्रलला होती, वरच्या पहिल्या वळणापासून; इंजिनानं धरायचा तो सगळा भार ब्रेकवर. इथे लिहून ठेवतो, इथे तरी.

आज आ. नाही. हक्क नाही.

८ जानेवारी, बुधवार

आमचे वडील, अण्णा, मनमाड-मालेगाव काळी-पिवळी जीप चालवायचे. सुट्टीत ताईला आणि मला पुढच्या सीटवर घ्यायचे. राहुडचा घाट उतरायला लागला की गिअर काढून टाकत: "आता मोकळी सोडतो बघा." इंजिनाचा घरघराट एकदम खाली बसायचा आणि वाऱ्याचा आवाज वर यायचा. डिझेल वाचतं, हे कारण सांगायचं. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी असायचं.

गाडी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि मोकळी सोडणं हा त्या शिकण्याचा भाग होता. अजून चढ संपला की हात आपोआप गिअरकडे जातो. मंजू पूर्वी बोलायची, मग सोडून दिलं तिनं.

खरं लिहायचं तर गडावर हात आपोआप गेला नव्हता. ताई शेजारी होती. तिला तो आवाज ऐकवायचा होता.

ब्रेक जुने होते हे खोटं नाही. ऑइल कधी बदललं होतं ते मला आठवत नाही. म्हणजे अर्धं खरं. आमच्याकडे अर्धं माप बरोबर आलेला भाग नापास होतो.

११ जानेवारी, शनिवार

दिवसभर शोध. मुंबईतला एक दुकानदार फोनवर म्हणाला, चारही चाकांना मोठ्या डिस्क, लाल कॅलिपर, वर मोठी चाकं, आठ दिवसांत देतो. फोटो पाठवले. देखणं काम आहे. संध्याकाळपर्यंत फोटो चार वेळा पाहिले, हे नोंदवायला हवं.

चाचांना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला. "मागं डिस्क लावली की तुमचा हँडब्रेक कुठं बांधू? गळ्यात?"

त्या सेटमधे मागच्या बाजूला हँडब्रेकची तारच नाही. आणि डाळिंब मार्चमधे आरटीओसमोर उभं राहणार आहे, नोंदणीचं नूतनीकरण. हँडब्रेक नसेल तर पासिंग नाही. मोठी चाकं म्हणजे नोंदीतल्यापेक्षा वेगळा टायर, तेही नाही.

घरी येताना लक्षात आलं. गडावर थांबवलं कोणी? त्याच मागच्या जुन्या ड्रम-ब्रेकनी, त्याच तारेनं. जे वाचवायला आलं तेच काढून टाकायला निघालो होतो, कारण फोटोत लाल रंग होता.

आ.: चाचांचा चष्मा. हँडब्रेकची तार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ताईनं शेजारच्यांच्या मुलीबरोबर तिळाच्या वड्या पाठवल्या. फोन केला. गोड बोललो. वड्या कडक झाल्यात म्हणाली, मी नाही म्हटलं. कडक होत्या. ब्रेकचं काय झालं विचारलं तिनं. मी नव्या डिस्क, पॅड, ऑइलचे होसपाइप यांवर दहा मिनिटं बोललो. ती "बरं, बरं" म्हणत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे सगळा दोष ब्रेकचाच?"

मी म्हटलं, जुने झाले ना.

"बरं."

१५ जानेवारी, बुधवार

अर्धा दिवस रजा. आरटीओ. आधी विचारून मगच हात लावायचा, असं ठरवलं होतं. दोन खिडक्या फिरून एका निरीक्षक मॅडमसमोर पोचलो. चाळिशीच्या, समोर फायलींवर डबा ठेवलेला. मी काढलेली नव्या ब्रेकची आकृती दाखवली. त्या आकृतीकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होत्या.

"लोक पकडल्यावर येतात माझ्याकडे. तुम्ही आधीच आलात?"

मग मात्र त्यांनी नीट समजावलं. नोंदणीपत्रात जे छापलंय त्यातलं काही बदलायचं नाही. चाकं, टायर मूळ मापाचेच. ब्रेकचे भाग त्याच कंपनीचे, त्याच पद्धतीचे, प्रमाणित शिक्क्याचे असतील तर त्या बघतील. पण कळवून, बिलं जोडून. हँडब्रेक स्वतंत्र, तारेवरचा, चढावर धरणारा. ब्रेक लाइट लागला पाहिजे. गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढता कामा नये. साध्या कागदावर अर्ज करा म्हणाल्या, काय बदललं आणि कशामुळे बदललं.

कशामुळे. हा शब्द त्यांनी सहज उच्चारला.

आ.: मॅडम. डबा उघडायचा सोडून वीस मिनिटं दिली. नाव विचारायचं राहिलं.

२५ जानेवारी, शनिवार

माल आला. डाळिंब बनवणाऱ्या कंपनीनं पुढे डिझेलची जड गाडी काढली होती, तिच्या पुढच्या डिस्क. जाड, दोन पात्यांमधे हवा खेळायला खाचा असलेल्या. पॅड दाबणारे कॅलिपर तिचेच. बोल्टची जागा दोन्हींत सारखी, हे चाचांना तोंडपाठ होतं. मागं तेच ड्रम, फक्त आतले शू नवे. पॅडवर शिक्का आहे, भिंगातून पाहिला.

प्रश्न एकच होता: मूळ चाक यावर बसतं का. पुठ्ठ्याचा साचा कापून आत फिरवला. कॅलिपर आणि रिम यांत चार मिमी.

चाचांनी अंगठ्याचं नख आत सरकवलं. "बसतं."

मी फिलर गेजनं पाहिलं. चार पूर्णांक एक.

"माझं नख कापून देऊ का साहेब, तुमच्या कंपनीला?"

आ.: चार मिमी. आणि ते नख.

२ फेब्रुवारी, रविवार

आज लिहायला जड जातंय, पण लिहितो.

सकाळपासून गॅरेजवर. चाचा रविवारी बंद ठेवतात, माझ्यासाठी उघडलं. डिस्क, कॅलिपर, होस सगळं बसलं. मग नळ्यांतली एअर काढायची: मी आत बसून पेडल दाबायचं, चाचा चाकापाशी नट सैल करणार. "दाबा. धरा. सोडा." तासभर हेच. खालून फक्त आवाज.

मधेच म्हणाले, मास्टर सिलिंडर शुक्रवारी पूर्ण उघडला होता. दुपार त्यातच गेली. आतला रबर बघितला, बोअर बघितला, बूस्टर बघितला. सगळं ठणठणीत. "दाबा. गाडी दुसऱ्या गिअरमधे असून डिस्क निळी पडली म्हणजे कुठंतरी ब्रेक अडकून धरत असणार. धरा. मला तो दोष सापडेना. सोडा. दोष ठेवून गाडी कशी देऊ?"

साठीचा माणूस, गुडघे दुखतात, आणि शुक्रवारी नमाजहून येऊन माझं खोटं शोधत बसला होता. सुट्या सिलिंडरमधे.

म्हटलं, चाचा, न्यूट्रलला होती.

मला वाटलं उठतील आणि पाना फेकतील.

"वरपासून?"

"वरपासून."

"दाबा," म्हणाले. मग, "धरा." मग हसायला लागले, गाडीखालीच. त्यांचा भाऊ टँकर मोकळा सोडायचा, मनमाडच्या डेपोतून निघालेला. त्यालाही कोणी सांगू शकलं नाही.

बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "साहेब, हे नवं आहे, जास्त वेळ धरेल. पण मोकळी सोडलीत तर हीपण निळी पडणार. थोडी उशिरा, एवढंच." आणि चहा मागवला. माफी मागायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, "इन्स्पेक्टर साहेब, बिस्किट घ्या."

आ.: लिहिता येत नाही इतके.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहाला दिंडोरी रोड. नवे पॅड सेट व्हायला हवेत: साठपर्यंत न्यायची, दाबून वीसवर आणायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा. मंजू शेजारी. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर पेडलखाली काहीतरी ठाम आलं. ओरखडा नाही, आवाज नाही, गाडी सरळ रेषेत बसते. हात सोडून पाहिला, स्टिअरिंग हललं नाही. मी उगाच हसत होतो. येताना पांडवलेण्यांकडे वळलो, पायथ्याच्या चढावर हँडब्रेकवर उभी केली, दोन मिनिटं. तसूभर मागे नाही.

तिथेच, चढावर उभ्या गाडीत, मंजूला सांगितलं. तिनं समोरच्या रस्त्याकडे बघत ऐकून घेतलं.

"मला वाटलंच होतं. ताईंना सांगितलंस?"

नाही.

"तुझ्या त्या मायक्रोमीटरनं हे किती भरतं बघ."

पुढे वडापाव खाल्ला. रागावली नव्हती. तिचे आभार मानायचे ते कशाबद्दल, हे नेमकं लिहिता येत नाही. गप्प बसली म्हणून नाही. बोलली म्हणूनच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज लिहिला. 'काय बदलले' सोपं गेलं, आकृतीसकट. 'कशामुळे बदलले' समोर पहिल्यांदा लिहिलं: जुने झाल्यामुळे. फाडला. दुसरा: घाटात निकामी झाल्यामुळे. हेही खरंच. फाडला. तिसऱ्या कागदावर: 'तीव्र उतारावर चालकाने वाहन न्यूट्रलमध्ये ठेवल्याने ब्रेक अतितापून निकामी झाले. चालक स्वतः अर्जदार.'

खाली सही केली.

४ मार्च, मंगळवार

पासिंग. त्याच मॅडम. गाडीखाली वाकून पाहिलं, बिलांवरचे नंबर डिस्कवरच्या नंबरांशी ताडले, टायरचं माप वाचलं. मग स्वतः शेजारी बसल्या, चालवायला लावलं, मधेच "थांबा" म्हणाल्या. थांबली. सरळ. त्यांचा पेन डॅशबोर्डवरून उडून माझ्या बुटावर. हँडब्रेक चढावर तपासला. पास. पुढची पाच वर्षं.

अर्ज वाचताना थांबल्या. "हे न्यूट्रलचं लिहायची गरज नव्हती हो."

म्हटलं, कशामुळे असं विचारलं होतंत.

फाइल मिटली. "घरी माहितीये ना?"

खेळीमेळीनं म्हणाल्या, चलनबिलन येईल म्हणून. मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन पार्किंगमधे बसून राहिलो. सरकारी शिक्क्याखाली खरं लिहून झालं. गॅरेजात सांगून झालं. मंजूला सांगून झालं. जिच्या मांडीवर नारळ होता ती राहिली.

आ.: मॅडम, पुन्हा. आजही नाव विचारलं नाही, पाटीवर वाचलं. इथे लिहीत नाही.

९ मार्च, रविवार

मनमाडला गेलो, ट्रेननं. डाळिंब मुद्दाम नेलं नाही. दारात उभी असती तर बसण्याचा आग्रह केल्यासारखं झालं असतं.

ताईनं पिठलं-भाकरी केली होती. जेवण होईपर्यंत बोललो नाही. ती भांडी विसळत होती, मी पुसून ठेवत होतो. म्हटलं, ताई, गडावर ब्रेकचा दोष नव्हता. मी...

एवढंच झालं माझं बोलून.

"मोकळी सोडली होतीस," ताई म्हणाली. नळ चालूच. "आवाज खाली गेला तेव्हाच कळलं मला. किती वर्षांनी ऐकला."

मग बोलली का नाहीस?

"तू बोलशील म्हणून थांबले. तू आपला दोन महिने ब्रेकला नावं ठेवतोयस. मी म्हटलं, बिचारा ब्रेक."

मला हसू आलं आणि हातातलं ताट ओट्यावर ठेवावं लागलं. ती म्हणाली, भीती ब्रेकची नव्हती रे. तू पुन्हा सोडशील, आणि विचारलं तर पुन्हा ब्रेकचं नाव सांगशील, याची. तेवढ्यासाठी ट्रेन बरी.

मग तिनं हात पुसले आणि जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. अण्णांनी शेवटची दोन वर्षं मोकळी सोडणं बंद केलं होतं. मी तेव्हा पुण्याला होस्टेलवर. राहुडला एकदा त्यांचंही पेडल तळाला गेलं, जीपमधे अकरा माणसं. कडेच्या दगडांना घासत थांबवली. घरी येऊन ताईला म्हणाले, नंदूला सांग, त्याला मी चुकीचं शिकवलंय. "सुट्टीत आलास की सांगू म्हटलं. मग ते गेले, त्या गडबडीत... राहूनच गेलं. गडावर तू गिअर काढलास तेव्हा मला पहिलं तेच आठवलं. मीही कुठं बोलले?"

म्हणजे दोघंही. ती माझी वाट बघत होती आणि स्वतःचीही.

इतकी वर्षं मी अण्णांचं अर्धंच शिकलो होतो. उरलेलं अर्धं ओट्याशी उभं राहून मिळालं, ओल्या फडक्यासकट. उशिरा मिळालं याचं वाईट वाटायला हवं. वाटतंय ते दुसरंच. बरं वाटतंय.

निघताना विचारलं, पुढच्या रविवारी गडावर? डाळिंबातून?

विचार करून म्हणाली, "चढताना बसेन. उतरताना बघू. साडेचारची एसटी असते."

आ.: अण्णा. ताई. पिठलं.

१६ मार्च, रविवार, गडावर, गाडीत बसून

ताई काल रात्रीच नाशिकला आली, ट्रेननं. आज सकाळी आपण होऊन पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला, माझ्याआधी. वणीपर्यंत बोलत होती. चढताना प्रत्येक वळणावर माझ्या डाव्या हाताकडे बघत होती, मी ते बघत होतो. मुरमाचा ढीग आता तिथे नाही. रस्ता झालाय. त्या जागी गाडी जराशी हळू केली, मनात हात जोडले.

वर आल्यावर माझं दर्शन आधी झालं. ताई सावकाश, थांबत थांबत. तिची पिशवी गाडीतच आहे. मुद्दाम ठेवली की विसरली, माहीत नाही. अर्थ काढू नये. खाली वाकून डिस्कला हात लावून पाहिला, कोमट. उतरताना पहिला, नाहीतर दुसरा. गिअरच्या दांड्यावर चाचांनी पांढऱ्या रंगानं न्यूट्रलच्या N वर फुली मारून दिली आहे. सांगितलं नव्हतं मी.

चार वाजून दहा. एसटी लागली आहे. कंडक्टर दाराशी उभा राहून तंबाखू मळतोय.

ताई दिसली. नारळ हातात आहे. पायऱ्या संपल्या तिथे थांबून चष्मा पुसतेय. तिथून डावीकडे स्टँड, उजवीकडे मी. काच खाली केली आहे. हॉर्न द्यायचा नाही, हाक मारायची नाही, ती येईल तशी येईल. दोन्हींपैकी कशानंही उतरली तरी खाली नांदुरीच आहे, आणि मी गिअरमधेच असेन.

चष्मा लावला. निघाली.

आ. खाली पोचल्यावर.